मूठभर कोळंबी

"नेहमीसारखी मूठभरच ना?" तारामती कोळणीनं विचारलं. आठल्येकाका टोपलीतली कोळंबी निरखत होते. दर सोमवारी बाजार गाठून त्यांचे गुडघे आता कुरकुरत होते.

तीन वर्षांपूर्वी निनादनं, त्यांच्या मुलानं, मित्राकडची कोळंबी डब्यातून घरी आणून खाल्ली. ज्या घरात कुणाच्या ताटात कधी अंडंही आलं नव्हतं, तिथे! काकांनी डबा अंगणात भिरकावला. निनाद त्याच संध्याकाळी पुण्याला गेला, तो परत फिरकलाच नाही. मागे राहिला त्यानं पाळलेला, टाकीतला वीतभर ऑस्कर मासा आणि काचेला चिकटवलेला त्याच्या जेवणाचा तक्ता: सोमवारी कोळंबी, मंगळवारी गांडुळं, बुधवारी गोळ्या, गुरुवारी उपास. रोज तेच दिलं तर मासा आजारी पडतो, असं खाली दोनदा अधोरेखित केलेलं.

मुका जीव उपाशी कसा मारायचा? पहिल्यांदा कोळंबी सोलली तेव्हा काका दिवसभर जेवले नव्हते. आता तिच्या पाठीतला काळा दोरा ते न बघता ओढून काढत. पूजेला बसलं तरी बोटांचा वास जात नसे, आणि त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

"काका, मूठभरच ना?"

"अर्धा किलो दे."

"अगो बाई, मासा एवढा वाढला?"

"मासा तेवढाच आहे. मुलगा येतोय आज." काकांनी पिशवी पुढे केली. "सोलता येते मला. शिजवतात कशी, तेवढं सांग."