चालायचे जोडे

तिने नवा जोडा हातात घेतला, मधोमध धरला आणि वाकवला. तो मुकाट वाकला. टाच जवळजवळ चवड्याला टेकली.

"बाबा, हे काय आहे?"

बापाआधी आत्याच बोलली. "काय म्हणजे? वाढदिवसाचे जोडे. दरवर्षी असतात तसे. घाल आणि चल, उपासना सुरू होईल." आत्या रविवारचे कपडे घालून, पिशवी धरून दुकानाच्या दारात उभी होती. उशीर तिला कुठेच खपत नसे, देवाच्या घरी तर नाहीच नाही.

मुलगी चाकांच्या खुर्चीत होती, नेहमीच्या जागी, शिलाई मशीनच्या मागे. दुकानातल्या सगळ्या जोड्यांचा वरचा भाग तीच शिवायची. तळ ठोकायचं काम बापाचं. तिने नखाने तळाची कड उचकटली. वर चामड्याचा पातळ थर, आत पुठ्ठा.

"पुठ्ठा लावलात?"

बाप एप्रनचे खिसे चाचपत राहिला. "हलका आहे," तो म्हणाला. "पायाला भार नको म्हणून."

"थापा मारू नका. काचेच्या कपाटात मांडायच्या जोड्यांना तुम्ही पुठ्ठा लावता. जे घालून कुणी चालणार नसतं, त्यांना."

आत्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अगं, पण तळ बघतंय कोण? पाळकसाहेब काय जोडे उलटे करून बघणार आहेत?"

"आत्या, तू थांब जरा."

आत्या थांबली. हे काही रोजचं नव्हतं.

बाप स्टुलावर बसला. बसला म्हणजे टेकलाच. "तुझे मागच्या वर्षीचे जोडे काढले होते पुसायला. तळ कोरा. त्याच्या आधीचे काढले, तेही कोरे. एकालाही साधा ओरखडा नाही. मग हातच चालेना. प्रत्येक खिळ्याला वाटायचं, हा मी कुणासाठी ठोकतोय? माझ्यात दम नाही उरला, पोरी."

तिचे डोळे भरून आले, पण राग त्याहून मोठा होता. "म्हणजे मी उठणार नाही, हे तुमचं ठरलं. मला विचारलंत? देवाला विचारलंत?"

"हे सगळं तुझ्या आईने सुरू केलं. प्रभू पोरीला उठवील तेव्हा ती अनवाणी नको, म्हणायची. वाट बघत बघत गेली बिचारी."

"आई गेली म्हणून शब्द गेला का? शब्द आईचा नव्हताच. देवाने शब्द दिलाय, बाबा. तारीख दिलेली नाही. तारखेवरून मी त्याच्याशी रोज भांडते. पण ते माझं आणि त्याचं. तुम्ही मधल्या मध्ये पुठ्ठा लावायचा नाही."

"आणि इथे नाहीच उठवलं तर?" हे विचारताना बापाने मान वर केली नाही.

"तर तिथे उठवील. तिथे मला या पुठ्ठ्यावर पळायला लावणार आहात? पहिल्याच चिखलात लगदा होईल."

"स्वर्गात कुठला आलाय चिखल?" आत्याला राहवलं नाही.

"तू जाऊन आलीस का?"

मुलीने फळीवरच्या जाड चामड्याकडे बोट दाखवलं. "ते काढा."

"ते पोस्टमनच्या बुटांसाठी ठेवलंय. तो दिवसभर पायी हिंडतो."

"मग मी काय कमी हिंडणार आहे?"

चर्चची घंटा झाली. कुणीच हललं नाही. मग बाप उठला, पकड घेतली आणि दोन्ही जोड्यांचे तळ ओढून काढले. पुठ्ठे तिने मागून घेतले आणि टराटरा फाडले. बापाने जाड चामडं भिजवलं, साच्यावर धरून कापलं, ठोकून बसवलं. तोवर गल्लीच्या टोकाकडून गाणं ऐकू यायला लागलं होतं. बापाचा हातोडा कुठल्याच तालात बसत नव्हता, आणि त्याला त्याची पर्वाही नव्हती. आत्या थोडा वेळ उभी राहिली, नाइलाजाने पिशवी खाली ठेवली, आणि मग एकेक खिळा त्याच्या हातात देऊ लागली. "वाकडा मारू नकोस," असं वर त्याला बजावतही होती.

तळ लागले. मुलीने एक जोडा पुन्हा मधोमध धरून वाकवून पाहिला. या वेळी तो वाकायला तयार नव्हता. तिने तो खाली दिला.

आत्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, जोडे चढवले, नाड्या बांधायला घेतल्या. बापाने सवयीने अंगठा दाबून पुढे बोटांना जागा आहे का ते पाहिलं. आणि त्याच सवयीने, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारतो पण तिला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारून बसला.

"कुठे चावतो का?"

नाड्यांवरचे आत्याचे हात थांबले.

मुलीने पायातल्या जोड्यांकडे नीट पाहिलं, आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे.

"आत्ताच कसं सांगू?" ती म्हणाली. "चालायला लागले की सांगते."