मंडळाच्या गादीचा इतिहास

"'मृणालिनीबाईंनी अध्यक्षपद आनंदाने माझ्याकडे सोपवलं,' एवढं एक वाक्य टाक," दिगंबरकाका म्हणाले. "बाकी फर्स्ट क्लास झालंय."

पद्मजाने पेन खाली ठेवलं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाला १९८५ साली दहा वर्षं पूर्ण होत होती आणि स्मरणिकेतला इतिहास तिच्या गळ्यात पडला होता. तिचं अक्षर सुरेख, आणि मराठी टाइपरायटर साऱ्या गावात नव्हता. शिवाय ती इतिहासातच पीएच.डी. करत होती. दख्खनच्या सुलतानांचे दरबारी इतिहासकार आपल्या धन्याला गादीचा खरा हक्कदार कसा ठरवत, हा तिचा विषय.

मंडळाचा पहिला गणपती मृणालिनीबाईंच्या अपार्टमेंटमध्ये बसला. पहिल्या अध्यक्षही त्याच. मग त्यांचा घटस्फोट झाला, त्यांना बोलावणंच बंद झालं आणि काका अध्यक्ष झाले. पद्मजाने हे सगळं सरळ लिहून टाकलं होतं.

"काका, माझ्या सुलतानांना गादी नेहमी अशीच मिळते. आधीचा आपणहून देतो. नाही तर कुणी पीर स्वप्नात येऊन सांगतो."

"मग तसं लिही," काका हसले. "अगं, डिव्होर्सचा विषय पब्लिकमध्ये कशाला? तिलाच एम्बॅरसिंग होईल."

काका काही वाईट नव्हते. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा त्यांनी तिला महिनाभर घरी ठेवून घेतलं होतं. तिला त्यांचा राग येईना, आणि त्याचीच लाज वाटत होती. प्रबंधात तिने त्या जुन्या इतिहासकारांना तोंडपुजे म्हटलं होतं. त्यांनीही कुणाचं तरी मीठ खाल्लं असेल, हे आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं. तिने पेन उचललं, पण ते कागदाला टेकेना.

"आणि तेव्हा कुणी खरं लिहिलंच, तर त्याचं काय व्हायचं?" काकांनी सहज विचारलं.

"माहीत नाही. तसं लिखाण उरलेलंच नाही."

"बघ," काका म्हणाले.

शरयूकाकू इतका वेळ ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, टेबलाशी येऊन पद्मजापुढचं पान उचललं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"तेव्हा झेरॉक्स नव्हतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "उद्या याच पानाच्या प्रती मीच काढणार आहे."