अंधाराचे गुण

शाळेच्या नाटकात आई मरते तेव्हा रंगमंचावरचा उजेड मावळत मावळत काळोखात विरतो. ही करामत प्रकाशयोजनेच्या परीक्षेला बसलेल्या मुलीची. पण परीक्षेसाठी प्रयोगाचं चित्रण करताना नाटकाच्या बाई कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवून बसल्या. दिवे मंदावले तसतसा त्या शहाण्या कॅमेऱ्याने आपणहून उजेड वाढवला. आता दोघी तो व्हिडिओ बघत होत्या. काळोख झालाच नाही. मेलेली आई लख्ख दिसत होती, तीही श्वास घेताना. बाहेरचे परीक्षक व्हिडिओच बघणार. पाठवायची मुदत आज संपत होती. सेट तर कधीच मोडला होता. “बाई, प्रयोगाला काळोख झाल्यावर तुम्ही रडलात ना?” “रडले गं, हुंदके देऊन.” “मग तसं लिहा की.” “लिहिलेलं चालत नाही, बाळा. दिसलं तरच गुण.” बाईंनी ‘पाठवा’ दाबलं. मुलीने उठून खोलीतला दिवा बंद केला. खिडकीबाहेर टळटळीत दुपार होती. काहीच फरक पडला नाही.