दार उघडं लागतं

“गजांमधून हात बाहेर घेऊन दोरा बांधता येईल,” खामदी आजोबा म्हणाले. “पण दार उघडं लागतं.”

 घराची दारं, खिडक्या बुआलायनं पहाटेच उघडून ठेवल्या होत्या. तबकात केळीच्या पानांचा मनोरा, त्यावर लटकवलेले पांढरे दोरे, उकडलेलं अंडं, चिकट भाताचा मुटका, सगळं मांडून झालं होतं. बंद होतं ते एवढंच, मागच्या खोलीचं लोखंडी दार. अकरा दिवसांपूर्वी गावातल्या वेल्डरनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गज बसवून दिले होते. तेव्हापासून तिचा मुलगा सोमकित त्या गजांमागे होता.

“हेसुद्धा?” तिनं विचारलं.

“ख्वान बंद दारावरून परत फिरतो, पोरी. आणि एकदा फिरला की...” 

माणूस खचला की त्याचे बत्तीसच्या बत्तीस ख्वान, त्याला जगवणारे प्राण, अंगातून निघून जातात, रानोमाळ हिंडत बसतात. चाळीस वर्षं आजोबा त्यांना हाका मारून घरी आणत होते. बाळंतिणींचे, सैन्यातून परतलेल्या पोरांचे, झाडावरून पडलेल्यांचे. नशेच्या गोळ्या खाणाऱ्याचे त्यांनी कधी आणले नव्हते. आणता येतील की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

“उघडू नकोस, आई,” सोमकित आतून म्हणाला. तो भिंतीला टेकून दंड खाजवत होता. तिथली कातडी कधीच निघाली होती. “मी जाईन.”

“कुठं जाशील?”

“तुला माहीत आहे कुठं. मला जायचं नाहीये. पण पाय माझं ऐकत नाहीत.”

कुंपणापलीकडून नुअन मावशी ओरडली, “उघडणार असाल तर आधी सांगा! माझा कोंबडा आत घेते.”

“तो मी केव्हाच विकला, मावशी,” सोमकित आतून म्हणाला. “ तुम्ही बघताय तो त्याचा भाऊ.”

“मेल्या, वर तोंड करून सांगतोस!”

पण ती आली. बोलावणं साऱ्या आळीला होतं, आली ती एकटीच. हातात मिरच्या कुटायचं मुसळ होतं. “पळाला तर गुडघा फोडीन,” असं म्हणून ती बुआलायच्या मागे बसली.

बुआलायनं कमरेची किल्ली काढली. ऐन उन्हाळ्यात तिनं लांब बाह्यांचा सदरा घातला होता. कुलूप काढताना बाही वर सरकली आणि कोपराखालचे टाके दिसले. आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. सोमकितनंही.

दार भिंतीपर्यंत उघडलं. तिथून स्वयंपाकघर, पुढचं दार आणि रस्ता एका रेषेत दिसत होते. सोमकितनं एकदाच तिकडे पाहिलं. मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसला, डाव्या हातानं गज पकडला आणि उजवा पुढे केला. बुआलायनं त्याच्या कोपराला बोटं टेकवली, नुअननं बुआलायच्या खांद्याला. मुसळ तिनं मांडीवर ठेवलं.

आजोबांनी डोळे मिटले.

“ये रे ख्वान, घरी ये. रानात असशील तर ये, वाघाला भिऊ नकोस. नदीत असशील तर ये, ओल्या अंगानं ये. परक्या गावी असशील तर ये, भात वाढून ठेवलाय...”

पूर्ण म्हणायला अर्धा तास लागायचा. आजोबा डोंगराच्या कडव्याशी पोचले तोवर सोमकितचा एक गुडघा हलू लागला होता. मग दुसराही.

“आजोबा, लवकर.”

आजोबांनी आजवर त्यातला शब्द गाळला नव्हता. त्यांनी डोंगर गाळला. देवलोक गाळला, पाताळ गाळलं. मग अडखळले, आणि त्याच चालीवर, कोणी न शिकवलेलं म्हणाले, “रबराच्या बागेमागच्या झोपडीत असशील, तरी ये. तिथं तुला नावानं कोणी ओळखत नाही. घरी कोणी विचारणार नाही कुठं होतास. ये.”

रस्त्यावर एक मोटारसायकल हळू झाली. हॉर्न दोनदा वाजला, आखूड. ती थांबली, इंजिन चालूच होतं.

सोमकित अर्धवट उठला.

नुअनचा हात मुसळावर गेला. बुआलायची बोटं कोपरावर होती. या वेळी हात नुसता टेकवायचा असतो, धरायचं नसतं. धरलं तर आलेला ख्वान बिचकतो. तिनं धरलं नाही. फक्त तो उठला तशी तीही त्याच्याबरोबर उठली, बोटं टेकवलेली तशीच ठेवून.

“बांधा,” सोमकित दात आवळून म्हणाला. “बांधा ना!”

आजोबांनी दोरा घेतला. दोनदा गाठ सुटली. तिसऱ्यांदा बसली.

“आले,” ते म्हणाले. “बत्तीसही आले.” एरवी ते हे मोठ्यानं म्हणत.

सोमकित दोन पावलं मागे गेला आणि त्यानं लोखंडी दार स्वतःच ओढून घेतलं.

“आई, कुलूप.”

बुआलाय कुलूप लावायला गेली, पण कडी हलत राहिली आणि कुलूप आत जाईना. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. सोमकितनं गजांमधून हात बाहेर काढला, दोरा बांधलेला, आणि तिच्यासाठी कडी घट्ट धरून ठेवली.

“आता दाब,” तो म्हणाला.