शेवटचं पान

“वाचून झालं नाही, मदर,” सिस्टर युलालिया सलग तिसऱ्या वर्षी म्हणाली आणि तिनं सगळ्यांसमोर गुडघे टेकले.

वसईकडच्या त्या मठाची रीतच होती. उपवासकाळ सुरू झाला की प्रत्येकीला वर्षभरासाठी एक पुस्तक मिळे, आणि आधीचं वाचलं नसेल तर अशी माफी मागावी लागे. पण अख्ख्या मठात युलालियाइतकी वाचनवेडी दुसरी कुणी नव्हती. तिच्या हातात होतं एका विदुषी संत स्त्रीचं चरित्र. तीही लहानपणी भावाची पुस्तकं चोरून वाचायची, अगदी युलालियासारखी.

“किती राहिलंय?” मदरनी विचारलं.

“एकच पान.”

“एका पानाला तीन वर्षं?”

युलालियानं पुस्तक मदरच्या हाती दिलं. “त्या पानावर ती जाते, मदर. मग मी बोलू कुणाशी?”

मदरनी पुस्तक चाळलं. सगळी पानं बोटांनी मऊ पडली होती. शेवटचं तेवढं करकरीत. त्यांनी आपल्या प्रार्थनापुस्तकातली रेशमी खूण काढून त्या पानाआधी ठेवली.

“पुन्हा पहिल्यापासून वाच,” पुस्तक परत देत त्या म्हणाल्या. “यंदा जरा सावकाश.”