पिवळा स्वेटर

“ताई, तुमचे पुतळे फार शिस्तीचे, खरी पोरं रुळांवर फतकल मारून खडी वेचतात,” रूळ तपासणाऱ्या काकांनी दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं. रेल्वेच्या सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या तिने ते हसण्यावारी नेलं. नियमात चाचणीचा पुतळा उभाच होता. आता तिचं लेकरू घरभर रांगत होतं. आज सरकारी संशोधन केंद्राच्या, रुळांवर माणूस दिसताच गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्राला तिची मंजुरी हवी होती. उभ्या पुतळ्यापुढे गाडी दहाही वेळा गुणी बाळासारखी थांबली. मग तिने लेकराचा पिवळा स्वेटर पिशवीतून काढला आणि चिंध्यांनी भरून रुळांमध्ये बसवला. “घरचं खूळ इथे कशाला, मॅडम?” केंद्राचे संचालक कुरकुरले. गाडी आली. यंत्र गप्पच! चालकाने हाताने ब्रेक लावला म्हणून स्वेटर वाचला. तिने शांतपणे ‘नामंजूर’ लिहून काकांना फोन लावला. वाचकहो, तुमचं लेकरू आत्ता कुठे बसलंय? जरा बघून या.