डोलीमुक्त जिल्हा

वर पाड्यावर भोरूच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या आणि बांबूला घोंगडी बांधलेली गावातली एकुलती एक डोली, भोरूसकट, खाली डांबर संपतं तिथं जिल्ह्याच्या साहेबांची वाट बघत होती. साहेबांना वर जाऊन जाहीर करायचं होतं, की या डोंगराळ जिल्ह्यात आता कुणालाही डोलीतून न्यावं लागत नाही.

"चढ फारच उभा आहे हो," असं म्हणून साहेब डोलीत बसले. भोरूनं आणि आणखी तिघांनी खांदा दिला. वाटभर साहेब जिल्ह्याचा इतिहास सांगत होते. इथली माणसं मुळातच काटक, गडांचे दगड यांच्याच पूर्वजांनी वर चढवले, वगैरे. भोरू धापा टाकत "व्हय साहेब" म्हणत राहिला.

पाड्यावर हार घालून घ्यायला साहेब उतरले, तशी भोरूनं बायकोला डोलीत निजवलं आणि चौघांनी उतार धरला.

"अरे, मग मी खाली कसा जाऊ?" साहेब ओरडले.

"पोटुशी हायेस का रं बाबा?" सुनेमागं निघालेली भोरूची आई वळूनही न बघता म्हणाली. "न्हाईस ना? मग चाल की."